नोकरी सोडताना आणि नवी धरताना सहकाऱ्यांची जाण कशी ठेवायची

राजीनाम्याचा मेल पाठवायला दोन मिनिटं लागतात. नोटीस पिरियड संपला की आपली खुर्ची रिकामी होते, पण काम तिथेच राहतं. ते हळूच शेजारच्या टेबलावर सरकतं आणि तिथे बसणाऱ्याचा घरी जायचा वेळ तासभर पुढे जातो.

मी १८ वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यात, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत क्वालिटी विभागात काम करते आहे. या काळात तीन नोकऱ्या बदलल्या, आणि निरोप किती दिले-घेतले त्याची गणतीच नाही. त्यातला एक मात्र विसरता येत नाही. आमच्या विभागातले एक सिनियर एका शुक्रवारी गेले. केक कापला, भाषणं झाली, "तुम्ही सगळे माझं कुटुंबच आहात" असं ते म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं. पुढच्याच आठवड्यात गिऱ्हाईकाचा फोन आला, पाठवलेल्या लॉटमधले भाग बसत नाहीयेत. शोधता शोधता कळलं, की तपासताना तो भाग ज्यात बसवून धरतात, त्या फिक्श्चरची एक बाजू झिजली होती. भाग ठेवल्यावर डावीकडून अंगठ्याने दाबून धरला तरच माप दाखवणारं डायल गेज बरोबर दाखवायचं. हे त्यांना माहीत होतं, ते रोज दाबून धरायचे. लिहिलेलं मात्र कुठेच नव्हतं. मग आम्ही चौघं गिऱ्हाईकाच्या गोदामात अकरा दिवस उभं राहून एकेक भाग हाताने तपासत होतो. माझी मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. त्या अकरा दिवसांत मी घरी पोचायचे तेव्हा ती झोपलेली असायची.

ते कुटुंब म्हणाले ते मनापासूनच, याबद्दल मला शंका नाही. पण त्या अंगठ्याबद्दल दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या तर आम्हाला त्यांची माया जास्त पोचली असती. तेव्हापासून मी नोकरी बदलताना काय करते आणि नव्याने निघालेल्यांना काय सांगते, ते इथे क्रमाने लिहिते आहे. उदाहरणं कारखान्यातली आहेत, पण शाळा, बँक, आयटी कंपनी, हॉस्पिटल, कुठेही फार वेगळं नसतं.

तारीख ठरवण्याआधी

ऑफर लेटर हातात आलं की पहिला हिशोब पगाराचा होतो, तो व्हायलाच हवा. दुसरा हिशोब एका कागदावर मांडा. डावीकडे तुमची कामं लिहा आणि प्रत्येकासमोर, तुम्ही गेल्यावर ते कुणाच्या डोक्यावर पडेल त्याचं नाव. विभागाचं नाव चालणार नाही, माणसाचंच हवं. मी पहिल्यांदा हा कागद केला तेव्हा बारापैकी आठ कामांसमोर एकाच मुलीचं नाव आलं. तिला नोकरीत जेमतेम एक वर्ष झालं होतं आणि पुढच्या महिन्यात तिचं लग्न होतं. नव्या कंपनीला मी रुजू व्हायची तारीख तीन आठवडे पुढे मागितली आणि कारण सरळ सांगितलं, की हातातली जबाबदारी नीट सोपवायची आहे. ते तयार झाले. नेहमीच होतील असं नाही, पण विचारल्याने सहसा ऑफर जात नाही. उलट जिकडे जाताय तिकडच्या माणसांनाही कळतं, की उद्या ही आपल्याला सोडून जाईल तेव्हाही अशीच जाईल.

ऑडिटचा आठवडा, वर्षअखेर, शाळेत परीक्षेचे दिवस, आयटीत एखादं मोठं रिलीज, शक्य असेल तर शेवटचा दिवस यांच्यात येऊ देऊ नका.

इथेच एक पैशाची गोष्टही तपासून घ्या. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी सलग ५ वर्षं सेवा लागते आणि तिचा हिशोब शेवटच्या मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या बेरजेला २६ ने भागून, गुणिले १५, गुणिले सेवेची वर्षं असा होतो. पाच वर्षांना दीड-दोन महिने कमी असताना घाईने राजीनामा देऊन नंतर एचआरमधल्या मुलीशी भांडणारे मी पाहिलेत. नियम काही तिने केलेले नसतात. कॅलेंडर आपणच आधी बघायचं असतं.

कुणाला, कधी आणि कसं सांगायचं

पहिल्यांदा साहेबांना, तेही समोरासमोर. मेल त्यानंतर. हे सगळ्यांना माहीत असतं तरी चुकतं, कारण आपण आधी जेवणाच्या टेबलावर एका मैत्रिणीला सांगतो आणि दुपारच्या चहापर्यंत ते साहेबांच्या कानावर गेलेलं असतं. त्यांना बाहेरून कळलं की दुखावतात, आणि त्या रागाचे चटके आपल्याबरोबर त्या मैत्रिणीलाही बसतात. "तुला माहीत होतं ना?" हा प्रश्न तिच्यावर यायला नको.

साहेबांशी बोललात की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, त्या कागदावरच्या माणसांना एकेकट्याला सांगा. ग्रुपवर टाकू नका. एचआरचा मेल येईपर्यंत थांबू नका. मी साधारण असं म्हणते: "मी राजीनामा दिलाय. सरांना काल सांगितलं, आज तुला सांगते आहे, कारण माझं गेज कॅलिब्रेशनचं काम बहुतेक तुझ्याकडे येईल. घाबरू नकोस, माझ्याकडे अजून ५० दिवस आहेत, सगळं बरोबर बसून करू." (कॅलिब्रेशन म्हणजे मोजमापाची साधनं बरोबर दाखवतात का ते तपासून घेणं.) यात बातमी आहे, तिच्यावर काय परिणाम होणार ते आहे, आणि मी काय करणार तेही आहे. समोरच्याला याहून जास्त काही नको असतं.

नवा पगार सांगू नका. कुणी विचारलंच तर "थोडा फरक आहे" म्हणून विषय बदला. जो तिथेच राहणार आहे, त्याला तोच पगार घेऊन उद्या सकाळी कामाला लागायचं असतं. आणि "इथे आता काही राम राहिला नाही" हे तर बोलूच नका. तुमच्या रागाला खरी कारणं असतील. पण ज्याच्या घरकर्जाचे हप्ते चालू आहेत, ज्याचे आईवडील आजारी आहेत, त्याला ही जागा सोडता येत नाही. त्याच्या जागेला नावं ठेवली की ती त्यालाच लागतात.

हँडओव्हर

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. धन्यवादाचं पत्र नाही लिहिलंत तरी चालेल, हे मात्र कराच.

बहुतेक कंपन्यांत हँडओव्हरचा एक फॉर्म असतो. त्यात कामाचं नाव, फाइल कुठे आहे, कुणाला दिलं आणि सह्या. तो भरून द्या, पण त्याला हँडओव्हर समजू नका. त्या सिनियरांनीही तो भरलाच होता.

मी एक साधी दोनशेपानी वही घेते. नोटीस पिरियडच्या पहिल्या दिवसापासून ती टेबलावर उघडी ठेवते आणि काम करता करताच लिहिते. शेवटच्या आठवड्यात आठवून लिहायला बसलं की फक्त मोठ्या गोष्टी आठवतात, आणि माणूस अडतो तो बारीकसारीक गोष्टींवर. वहीत काय जातं? तारखांना बांधलेली कामं: कोणतं गेज कधी कॅलिब्रेशनला पाठवायचं, कुठला रिपोर्ट दर महिन्याच्या कितव्या तारखेला जातो आणि उशीर झाला तर कुणाचा फोन येतो. माणसांना बांधलेली कामं: अमुक सप्लायरला मेल केला तर आठवडा जातो, फोन केला तर तासात काम होतं. स्टोअरच्या काकांना सकाळी साडेनऊच्या आत गाठलं तर माल लगेच मिळतो, नंतर ते ट्रकच्या गडबडीत असतात. आणि मग न लिहिलेली कामं, म्हणजे तो अंगठा. ही सापडायला कठीण जातात, कारण आपल्याला ती कामं वाटतच नाहीत, हाताला सवय झालेली असते. त्यासाठी एकच उपाय मला लागू पडला. जिला काम द्यायचंय तिला शेजारी उभं करायचं, आपण काम करायचं आणि "मी काय करते आहे ते सगळं तू लिही" असं सांगायचं. आपण नकळत काय काय करतो ते तिच्या वहीत उतरतं.

त्यानंतर उलटं करायचं. ती काम करणार आणि आपण मागे हात बांधून उभं राहणार. हे जड जातं, हात पुढे जातो. जाऊ देऊ नका. तिने एकदा चुकून, एकदा विचारून आणि एकदा न विचारता केलं, की ते काम तिचं झालं. म्हणून नोटीस पिरियडच्या मध्यावर पोचलात की निम्मी कामं तुमच्या हातातून गेलेली असावीत. पुण्यातल्या बऱ्याच आयटी कंपन्यांत नोटीस ९० दिवसांची असते, तरी केटी, म्हणजे काम समजावून सोपवणं, शेवटच्या चार दिवसांत उरकली जाते. माझा भाऊ त्या क्षेत्रात आहे. तो म्हणतो, आधीचे ८६ दिवस सगळे "अजून वेळ आहे" म्हणत असतात.

आता एक अवघड गोष्ट. अर्धवट राहिलेलं आणि चुकलेलं, दोन्ही सांगून जा. एखाद्या तक्रारीचा आठ-डी रिपोर्ट, म्हणजे मूळ कारण शोधून उपाय लिहायचा आठ टप्प्यांचा अहवाल, तुम्ही घाईत बंद केला असेल आणि मूळ कारण सापडलेलंच नसेल, तर ते बोला. जाताना बोललात तर लाजेची पाच मिनिटं. गेल्यावर उघडं पडलं तर तुमच्या जागी उत्तर द्यायला कुणीतरी दुसरी उभी असेल. एका नोकरीत मी असंच एक प्रकरण साहेबांना शेवटच्या आठवड्यात सांगितलं. ते चिडले, आणि चिडून झाल्यावर म्हणाले, "बरं झालं सांगितलंस, नाहीतर ते हिच्यावर आलं असतं."

वहीत आणखी एक पान असू द्या: कुठली कल्पना कुणाची. आमच्या लाइनवर उलटा भाग बसूच नये म्हणून एक छोटी पिन लावलेली आहे. ती एका कंत्राटी ऑपरेटरने सुचवली होती, सगळे मात्र ती माझी समजतात. मी जाताना ते लिहून साहेबांना दिलं. आपण निघून गेलो की श्रेय आपल्या नावावर गोठून राहतं, आणि ज्याचं आहे त्याला ते मागताही येत नाही.

धन्यवाद

"सगळ्यांचे मनापासून आभार, तुमच्याशिवाय हा प्रवास शक्य नव्हता" असा मेल ३०० जणांना गेला की तो एकालाही गेलेला नसतो. हवा तर पाठवा, रीत आहे. पण सात-आठ माणसं निवडा आणि प्रत्येकाला एकच प्रसंग आठवून सांगा. "त्या पावसाळ्यात मोशीजवळ पाणी भरलं आणि बस अडकली, तेव्हा तू माझी शिफ्ट दोन तास ओढलीस" असं. ज्याने केलं तो बहुतेक विसरलेला असतो. तुम्ही विसरला नाहीत एवढं त्याला कळतं.

आभार तोंडी पुरे आहेत, पण ज्यांचं अप्रेझल अजून व्हायचंय त्यांच्याबद्दल साहेबांना लेखी कळवा. "या वर्षी अमुक ऑडिटची सगळी तयारी हिने केली, मी फक्त सही केली" असा दोन ओळींचा मेल तुमच्या कंपनीच्या आयडीवरून, आयडी बंद व्हायच्या आत. या दोन ओळी तिला पुढच्या एप्रिलमध्ये कामाला येतील. ज्युनियर मंडळी लिंक्डइनवर असतील तर तिथेही शिफारस लिहा. त्यांनी मागायची वाट बघू नका, त्यांना संकोच वाटतो.

मग ती माणसं, जी मेलच्या यादीतच नसतात. हाउसकीपिंगच्या मावशी, गेटवरचे सिक्युरिटीवाले दादा, कॅन्टीनमधला मुलगा, बसचे ड्रायव्हर. ही माणसं बहुतेक कंत्राटावर असतात, निरोपाच्या कार्यक्रमाला त्यांना बोलावत नाहीत आणि केक उरला तर नंतर पोचतो. त्यांना आधी भेटा, जाताजाता नको. आमच्या मावशींना मी सांगायला गेले तेव्हा त्यांनी हातातला मॉप भिंतीला टेकवला, पदराला हात पुसले आणि माझा हात हातात घेतला. म्हणाल्या, "ताई, तुमच्या टेबलाखाली चपला असायच्या ना, त्या मी रोज सरळ करून ठेवायचे." सहा वर्षं मला वाटत होतं मीच नीट ठेवते.

ज्यांच्याशी जमलं नाही

प्रत्येक ऑफिसात एखादी व्यक्ती असते. तिच्याशी जाताना समेट केलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. काही माणसांनी खरोखर त्रास दिलेला असतो, आणि त्यांना जाऊन मिठी मारायचं कुणावर बंधन नाही. पण हँडओव्हरमध्ये हिशोब चुकता करू नका. तिच्याकडे जाणारं काम तेवढंच नीट लिहून द्या, कारण ते शेवटी खालच्या कुणाला तरी निस्तरावं लागतं.

एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये, म्हणजे जाताना एचआरशी होणाऱ्या बोलण्यातही, तेच. खरा अन्याय, छळ, असुरक्षित काम असेल तर तारीख-प्रसंगासह स्पष्ट सांगा, आणि ते मागे राहिलेल्यांसाठी सांगा. "नाईट शिफ्टच्या मुलींना बस गेटपर्यंत येत नाही" हे तुम्ही सांगू शकता. ज्यांना तिथेच राहायचंय त्या कदाचित बोलू शकत नाहीत. मात्र कुणी विश्वासाने तुम्हाला सांगितलेलं तिच्या परवानगीशिवाय तिथे नेऊ नका. एचआरवाले नाव शोधून काढतातच असं नाही, पण विभाग लहान असला की आपोआप कळतं.

शेवटचा दिवस

कागदांची कामं आदल्या दिवसापर्यंत संपवा: लॅपटॉप, ओळखपत्र, लॉकरची किल्ली, प्रवासखर्चाची बिलं. फुल अँड फायनल, म्हणजे आपला शेवटचा हिशोब, करणारी अकाउंट्समधली व्यक्तीही सहकारीच आहे. महिन्याचा पगार काढायच्या दिवशी तिच्या टेबलावर बिलांचा गठ्ठा टाकू नका. पीएफचंही बरंच आपल्याला घरबसल्या करता येतं. १२ आकडी यूएएन, म्हणजे पीएफचा आपला क्रमांक, नोकरी बदलली तरी तोच राहतो, जुन्या खात्यातले पैसे नव्यात ऑनलाइन वळवता येतात, आणि कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली नसेल तर दोन महिन्यांनी ती आपल्यालाच टाकता येते. एवढं माहीत असलं की जुन्या ऑफिसात दर आठवड्याला फोन करावा लागत नाही.

कंपनीचा डेटा, ड्रॉइंग, गिऱ्हाइकांच्या याद्या पेनड्राइव्हवर नेऊ नका. स्वतः तयार केलेल्या असल्या तरी. नंतर चौकशी झाली तर पहिल्यांदा तुमच्या शेजारी बसणाऱ्यालाच बोलावतात.

व्हॉट्सॲपच्या कामाच्या ग्रुपमधून स्वतः बाहेर पडा. त्याआधी एक ओळ टाका, म्हणजे "लेफ्ट" एवढंच दिसत नाही. भाषण करायची वेळ आली तर तीन मिनिटांत आटपा आणि ज्यांच्याकडे काम जातंय त्यांची नावं घेऊन सांगा, की आता यांना विचारा. सगळ्यांसमोर दिलेला हा अधिकार त्यांना सोमवारपासून उपयोगी पडतो.

अचानक जावं लागलं तर

कपातीत नोकरी जाते तेव्हा यातलं काहीच करता येत नाही. सकाळी मीटिंग, दुपारी लॅपटॉप बंद. अशा वेळी हँडओव्हरची खंत बाळगू नका, ती जबाबदारी तुम्हाला दिलीच गेली नाही. पुढच्या काही दिवसांत, मन थोडं थाऱ्यावर आलं की, दोन-तीन जणांना आपल्या फोनवरून कळवा, बस.

आणि तुम्ही मागे राहिलेले असाल तर त्याच संध्याकाळी फोन करा. काय बोलावं कळत नाही म्हणून सगळे गप्प बसतात, आणि गेलेल्याला वाटतं, आपलं कुणी नव्हतंच. "जेवलास का?" एवढंच विचारलं तरी चालतं.

नव्या जागी

नव्या ठिकाणी आपण जिथे बसतो तिथूनही कुणीतरी उठून गेलेलं असतं. ती जागा रिकामी असताना तिच्यावरचं काम ज्यांनी सांभाळलं, ते आपल्या आजूबाजूलाच बसलेले असतात. म्हणून पहिल्या आठवड्यात मी हमखास विचारते, "मी येईपर्यंत हे कोण बघत होतं?" आणि त्या माणसाकडे जाऊन म्हणते, की चार महिने तुम्ही हे ओढलंत, आता कुठून सुरुवात करू ते तुम्हीच सांगा. माझ्या आताच्या नोकरीत ज्यांना मी हे विचारलं, त्यांनी ड्रॉवरमधून एक मळकी डायरी काढून माझ्यापुढे ठेवली. "कुणी विचारलंच नव्हतं," म्हणाले.

हीही शक्यता धरून चाला, की तुमची जागा आतल्याच कुणाला तरी हवी होती. हे पहिल्या पंधरा दिवसांत चहाच्या टपरीवर कळतंच. कळल्यावर त्या व्यक्तीला टाळू नका आणि तिची मनधरणीही करू नका. तिचं ज्ञान जिथे आहे तिथे सगळ्यांदेखत तिला विचारा, आणि साहेबांकडे काम नेताना तिचं नाव घेऊन न्या. दोन-तीन महिने लागतात, कधी वर्षही जातं.

"आमच्याकडे असं नव्हतं" हे वाक्य पहिले तीन महिने गिळा. माझ्या तोंडून ते दुसऱ्याच दिवशी निघालं होतं आणि समोरच्या सुपरवायझरचा चेहरा लगेच बंद झाला. आधीच्या ठिकाणची चांगली पद्धत इथे आणायची असेल तर आधी इथली पद्धत तशी का पडली ते विचारा. बऱ्याचदा कारण असतं: एखादी जुनी मशीन, एखादा हट्टी गिऱ्हाईक, एखादा अपघात. जुन्या कंपनीची उणीदुणी सांगून इथे जवळीक साधायचा मोह होतो, तोही आवरा. ऐकणारा हसतो आणि मनात नोंद करून ठेवतो, की उद्या ही आपल्याबद्दलही असंच बोलेल.

नावं पाठ करा, ऑपरेटरची आणि मावशींचीही. मी वहीच्या मागच्या पानावर लाइनचा नकाशा काढून जागेवर नावं लिहिते. डबा टेबलावर एकटीने खाऊ नका. आपला डबा मध्ये ठेवला की दुसऱ्या दिवसापासून आपल्यासाठी कुणीतरी लोणचं आणतं.

जुनी माणसं

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन शहरात, नोकरी बदललेल्या लोकांना ती कशी मिळाली असं विचारलं होतं. १९७३ साली त्यांनी ते मांडलं. ज्यांना ओळखीतून नोकरी कळली, त्यांतल्या फक्त १६.७ टक्क्यांच्या त्या ओळखीच्या माणसाशी वरचेवर गाठीभेटी होत्या. ५५.६ टक्क्यांच्या अधूनमधून होत होत्या आणि २७.८ टक्क्यांच्या क्वचित. कारण सोपं आहे: जवळच्यांना आपल्याला माहीत असतं तेच माहीत असतं, आणि जुना सहकारी दुसऱ्या आवारात फिरत असतो. मी हे आकडे एवढ्यासाठी सांगते, की अधूनमधून भेटणाऱ्यांशी नातं ठेवायला फार वेळ लागत नाही. कामापुरतं ठेवा असं मात्र मी म्हणणार नाही. कामापुरता आलेला फोन पहिल्या वाक्यात ओळखू येतो.

गेल्यावर पहिला महिना-दीड महिना तुमच्या जागी आलेलीचे फोन येतील. घ्या. संध्याकाळी सात ते साडेसात अशी वेळ ठरवून घेतलीत तर नव्या कामाच्या आड येत नाही. त्यानंतर फोन आलाच तर उत्तर देण्याऐवजी "वहीत बघ, पिवळी खूण केलेल्या पानावर" म्हणा. ती स्वतः उभी राहील.

वर्षातून एकदा तरी भेट ठरवा. आमच्या पहिल्या कंपनीतले आम्ही सातजण दसऱ्याच्या आसपास भेटतो. खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा व्हायची, व्हर्नियर-मायक्रोमीटरला सुद्धा हळदकुंकू लागायचं, त्याची आठवण म्हणून. पण ज्याच्या घरी आजारपण आहे, कुणी गेलं आहे, त्याच्याकडे दसऱ्याची वाट न बघता जा.

जुन्या जागेतली माणसं नव्या कंपनीत आणायची का? करारात, अमुक काळ सहकाऱ्यांना ओढणार नाही असं कलम असू शकतं, ते वाचा. नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्ध्याकडे जायचंच नाही अशा अटींना भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे आपल्याकडे सहसा बळ मिळत नाही, गोपनीयतेची बांधिलकी मात्र राहते. कायद्यापलीकडे माझं मत असं, की पहिलं वर्ष आपणहून कुणाला ओढू नये. एक माणूस गेला तरी उरलेल्यांचं काय होतं ते मी गोदामात उभं राहून पाहिलंय, एकदम तीन गेली तर विचारायलाच नको. कुणी स्वतः विचारलं तर मात्र नव्या जागेचं चांगलंवाईट दोन्ही सांगा, आणि रेफरलचे पैसे मिळणार असतील तर तेही सांगा.

शिफारस करताना जे डोळ्यांनी पाहिलं तेच लिहा. मागच्या महिन्यात, ज्या ऑपरेटरने ती पिन सुचवली होती, त्यांच्या मुलाचा फोन आला. डिप्लोमा झालाय, आमच्याकडे ट्रेनीच्या जागा निघाल्यात. मी मुलाला कधी भेटलेले नव्हते, त्यामुळे त्याच्याबद्दल काही लिहिलं नाही. रेझ्युमे पुढे पाठवला आणि त्याला शनिवारी घरी बोलावलं. येताना वडिलांनाही घेऊन ये म्हटलं.